अण्णांसारखं बोट

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

ही डायरी जानेवारीत बियाण्याच्या दुकानदारानं भेट दिली होती. आजवर ती टीव्हीच्या एका पायाखाली होती. आज ती काढून घेतली आणि टीव्ही जरा कलला. राजेश्वरी कुरकुरली, पण आज लिहून ठेवण्यासारखं घडलं आहे, तिला काय सांगू!

आम्ही सगळे शिष्य सास्तूरला शिवप्पा अण्णांकडं जमलो होतो. अण्णा आमचे खव्यातले गुरू. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी भट्टी परत पेटवली, तेव्हापासून किती जणांना दूध आटवायला शिकवलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. मी पाच वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, एका ताटात जेवलो, आणि मग बेंबळीला येऊन स्वतःची भट्टी टाकली.

दर गुरुपौर्णिमेला अण्णांच्या पाया पडायचं, लक्ष्मम्मा वहिनींच्या हातची गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, पोटभर खायची आणि मग कडी धरायची, असा आमचा रिवाज आहे. दुधाला उकळी फुटली की एकेकानं पुढं यायचं. उजव्या हातानं सराटा फिरवायचा, म्हणजे खवा ढवळायचं आमचं लांब दांड्याचं उलथणं, आणि डाव्या हातानं कढईची तापलेली कडी फडकं न घेता धरायची. जो जास्त वेळ धरेल त्याच्या खांद्यावर अण्णा आपला टॉवेल टाकतात.

यंदा टॉवेल माझा! बाकीचे हाय हाय करत हात झटकत पळाले. शेवटी मी आणि ढोकीचा वीरभद्र उरलो. त्यानं कडी सोडली तीसुद्धा वहिनी ओरडल्या म्हणून. "अरे, हाताला फोड आलाय की तुज्या!" वीरभद्रानं हात उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "आला व्हय?" सगळे पोट धरून हसले.

मग अण्णांनी माझा डावा हात हातात घेतला. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हल्ली जरा आत वळायला लागली आहेत. अण्णांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. त्यांची ती दोन बोटं पार आत वळलेली आहेत, बरोबर कडीच्या मापाची. म्हणाले, "बारप्पा, ये बाबा बलभीम! आता तुजं बोट वळलं. आता तू खरा खवेवाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येईपर्यंत टॉवेल खांद्यावरून काढला नाही. रस्त्यात दोघांनी विचारलं, पोहून आलात का.

२७ जुलै, शनिवार

राजेश्वरीनं कढईच्या कडीला जाड फडकं गुंडाळून सुतळीनं शिवून टाकलं. शिवून! मी विचारलं, हा काय प्रकार. म्हणाली, "तळहाताला फोड येऊन फुटला, ते मी दाखवल्यावर तुमाला कळलं. हात हाय का सांडशी?"

तिला यातलं काही कळत नाही. कारागिराचा हात गुढीपाडव्यापर्यंत कच्चा असतो आणि मग एकदम पक्का होतो. माझा तसाच झाला. पाडव्याला मी चांगला पोळलो होतो. मे महिन्यात चटका कमी झाला आणि आता नावालाही नाही.

बारीकसारीक अडचणी आहेत. डाव्या हातानं बाहीचं बटण लागत नाही, म्हणजे शिंप्यानं काजं लहान केली आहेत. तोंड धुताना ओंजळीतलं पाणी डाव्या बाजूनं गळतं. बोट वळल्यावर ओंजळ मोडणारच म्हणा. कोपर दाराच्या चौकटीला लागलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, आणि कोपराच्या वर एक फिकट चट्टा आहे. त्याला नायट्याचं मलम लावतो. मलमात दम नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

गावातली आरोग्य खात्याची आशाताई, गौरी, योगायोगानं घरी आली. राजेश्वरीनं चहा आधीच तीन कपांचा टाकला होता. या बाईला माणसाची चाहूल फार लवकर लागते.

गौरी म्हणाली, घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघायचं काम चालू आहे. मी चट्टा दाखवला. वर हातही दाखवला, कडीची सगळी गोष्ट सांगितली, टॉवेल आणून दाखवला. तिनं शाबासकी दिली नाही. चट्ट्यावर बोट फिरवून म्हणाली, "मामा, इथं मी हात लावलेला कळतोय का?" मी म्हटलं, तू लावला असशील तर कळेल की. ती राजेश्वरीकडं बघायला लागली.

मग विचारलं, "तुमच्या गुरुजींचं गाव कुठलं म्हणलात?" पेढे हवे असतील. मी सास्तूरचा पत्ता नीट समजावून सांगितला.

ती गेल्यावर राजेश्वरीची कंबर दुखायला लागली. सोमवारी तिला आरोग्य केंद्रात न्यायचं आहे. एकटी जायला घाबरते.

५ ऑगस्ट, सोमवार

लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. लिहितो.

डॉक्टर बुद्धघोष सरवदे तरुण आहेत, उमरग्याकडचे. राजेश्वरीच्या कमरेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मलाच शर्ट काढायला लावला. मग म्हणाले, "बलभीमराव, डोळे मिटा. मी पेनाच्या टोकानं हलकंच शिवणार. जिथं शिवलं तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

उजवा हात झाला. सगळं बरोबर आलं, मला जरा मजाच वाटली. मग डावा हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून बसलो. बसलो तो बसलोच. शेवटी म्हटलं, "करा की सुरू, डॉक्टरसाहेब. माझी दुधाची गाडी यायची वेळ झाली."

डोळे उघडले तर पेनाचं टोक माझ्या करंगळीवर टेकलेलं होतं. राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला होता.

मग त्यांनी कोपराच्या मागं बोटानं दाबलं. मी आई गं म्हणून उठलोच. तिथली नस सुंभाच्या दोरीएवढी जाड लागत होती, मी स्वतः चाचपून पाहिली. शेवटी दोन बोटांत कागद धरायला दिला आणि सांगितलं, ओढू देऊ नका. तो अलगद निघाला. मी म्हटलं, कागद गुळगुळीत आहे. दुसरा कागद दिला, तोही निघाला.

डॉक्टर म्हणाले, "हा कुष्ठरोग आहे. घाबरू नका, पूर्ण ऐकून घ्या." मी घाबरलो आणि अर्धवट ऐकलं, म्हणून त्यांनी सगळं दोनदा सांगितलं. हा जंतूचा आजार आहे, पापाबिपाचा नाही. तो कातडीत आणि नसेत बसतो. "भट्टीनं तुमचा हात पक्का केलेला नाही. हाताची खबर वर पोचवणारी नस सुजून गुदमरलीय. चटका बसतोय, पण खबर पोचत नाही. आणि बोटं वळलीत कारण त्यांना सरळ ठेवणाऱ्या स्नायूंनाही हीच नस चालवते."

मी विचारलं, हात जाणार का. ते म्हणाले, "तीनचार महिन्यांतच आलात. नस मेलेली नाही. जंतू मारायच्या गोळ्या वेगळ्या, नसेची सूज उतरवायच्या वेगळ्या. मी सांगतो तसं वागलात तर बरंच परत येईल. टाळाटाळ केलीत तर बोट आहे तसं राहील आणि मागोमाग पंजाही जाईल. तुमच्या धंद्याला दोन्ही हात लागतात ना?"

पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोरच घेतल्या. आता माझ्यापासून कुणाला लागण व्हायची भीती उरत नाही, असं म्हणाले. राजेश्वरीलाही तपासलं, ती ठणठणीत आहे, तिला खबरदारीची एकच गोळी दिली. भट्टीपासून डावा हात लांब ठेवायचा, कारण भाजलेलं मला कळणार नाही.

बाहेर आल्यावर आठवलं. म्हटलं, अगं, तुझी कंबर? म्हणाली, "ऱ्हायली." आणि रस्त्यात उभी राहून रडली. मी टॉवेल पुढं केला.

६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी लघवीला गेलो तर लालभडक! मी तिथूनच हाक मारली, राजेश्वरी, मी चाललो, सगळ्यांना कळव. तिनं आतून सांगितलं, "गोळीचा रंग हाय त्यो! गौरीनं सांगितलं हुतं, मी इसरले." आणि मग ती एवढी हसली की तिला दाराला धरावं लागलं. काल रडली ती बाई हीच.

खरं सांगायचं तर नंतर मी गोठ्यात जाऊन बसलो. आजाराचं नाव परत लिहायलाही हात धजत नाही. लोक माझ्या हातचा पेढा बाळाच्या बारशाला नेतात, देवापुढं ठेवतात. त्यांना कळलं तर? गाय माझ्याकडं बघत रवंथ करत होती. तिला काही फरक पडलेला दिसला नाही. तेवढ्यानं बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

भट्टीवर राजेश्वरी बसते. मी बाजेवरून सूचना देतो. जाळ कमी कर, कडेचं खरवड, हात थांबवू नको. चौथ्या दिवशी तिनं माझी बाज उचलून रस्त्याकडं तोंड करून ठेवली.

लोकांना सांगायला मी सांधेदुखी ठरवली होती. शनिवारी रणधीर खवा न्यायला आला. त्याचं स्टँडवर चहाचं हॉटेल आहे आणि त्याला कळलं की जिल्ह्याला कळलं. "बलभीम, तू हितं बाजंवर काय करतोस?" मी म्हटलं, सांधे. तर भट्टीवरून आवाज आला, "ह्यांना कुष्ठ झालाय. नस सुजली, गोळ्या चालू हायत, डॉक्टर म्हणले कुणाला लागत न्हाय आता. खवा न्यायचा तर न्या, न्हायतर वाट सोडा, मागं लोक हायत."

मागं कुणीच नव्हतं. रणधीर डबा तसाच घेऊन गेला. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. राजेश्वरीला मी बोललो, फार बोललो. तिचा सराटा थांबला नाही. म्हणाली, "आज सांदं म्हणाल, उद्या गोळी लपवून खाल, परवा इसराल. बोट तुमचं जाईल, माजी भीड न्हाय."

दुसऱ्या दिवशी गौरी आली आणि भट्टीसमोर सगळ्यांदेखत तिनं चार पेढे खाल्ले. तीन प्रचारासाठी आणि चौथा आवडला म्हणून. सोमवारी रणधीर परत आला. डबा पुढं करून म्हणाला, "दुसरीकडच्या खव्यात नुसता मैदा हाय. डॉक्टरला इचारून आलोय मी. त्यो म्हणला, बलभीमच्या रोगापरीस त्यो मैदा वंगाळ." डॉक्टर असं म्हणाले असतील असं वाटत नाही, पण मला रणधीरच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

सूज उतरवायच्या गोळ्यांनी भूक अशी लागते की मला माझीच भीती वाटते. आज पुरणपोळ्या खाताना राजेश्वरीनं मोजणं सोडून दिलं. तोंड गरगरीत झालं आहे. लातूरचे पाहुणे म्हणाले, धंदा जोरात दिसतोय. दवाखान्यात साखर तपासतात, रक्तदाब बघतात, गोळ्या हळूहळू कमी करतात. मनानं एकदम बंद करायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि राजेश्वरीनं ते मला रोज ऐकवायचं ठरवलं आहे.

झोपताना हाताला फळी बांधतो, बोटं सरळ राहावीत म्हणून. सकाळी हात पाण्यात भिजवायचा, ओल्या हातालाच खोबरेल चोळायचं, बोटं एकेक सरळ करायची. मग दोन बोटांत लग्नपत्रिका धरायची आणि राजेश्वरीनं ती ओढायची. घरात आलेल्या सगळ्या पत्रिका कामाला लागल्या. संध्याकाळी ती माझा हात दिव्याखाली धरून कुठं चिरलं, कुठं भाजलं ते बघते. आमच्या लग्नातसुद्धा तिनं माझा हात एवढा वेळ धरला नव्हता.

एक कबूल करायला हवं. तिचा खवा माझ्यापेक्षा मऊ होतो. हे कुणाला सांगायचं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार. दिवाळी पाडवा

राजेश्वरीनं ओवाळलं. मी नवा शर्ट घातला, बाहीचं बटण तिनंच लावलं. तेव्हा मन एकदम खाली बसलं. तीन महिने झाले. पत्रिका आता चटकन निसटत नाही, जरा जोर लावावा लागतो हे खरं. पण करंगळी मुकी ती मुकीच. डॉक्टरांनी परवा डोळे मिटायला लावले, तेव्हा मनगटाजवळची एक जागा मला कळली. एकच. ते खूश झाले. मला वाटलं, एवढ्याशा जागेचं काय लोणचं घालायचं आहे.

रागाच्या भरात म्हणालो, सोडून देतो गोळ्या. अण्णांनी कुठं गोळ्या खाल्ल्या? त्यांची बोटं माझ्यापेक्षा वाकडी आहेत, पण ती कारागिरीनं वळली आणि माझी रोगानं, एवढाच माझ्या नशिबाचा फेर.

राजेश्वरी पेढे वळत होती. म्हणाली, "अण्णाच्या तळपायाला कायम फडकं बांधलेलं असतंय, ते कशानं?"

"नवी चप्पल चावते त्यांना."

"धा वर्सं झाली. नवीच असती व्हय चप्पल?"

बायका कुठला विषय कुठं नेतील, नेम नाही. गोळी मात्र तिनं हातावर ठेवली आणि मी गिळली.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

पोळलो! पोळलो! पोळलो!

नीट लिहितो. सूज उतरवायच्या गोळ्या कमी होत होत संपल्या आहेत. जंतूंच्या चालू आहेत, त्याही संपत आल्या. आज राजेश्वरी उद्याच्या संक्रांतीचे तिळाचे लाडू वळत होती. पाक गरम असतानाच वळावे लागतात. ती पाण्यात बोटं बुडवून, फुंकर मारून वळत होती. मी जवळ बसलो होतो, गप्पा मारत. ती कढई तिरपी करायला गेली आणि पाकाचा एक मोठा थेंब माझ्या डाव्या तळहाताच्या बाहेरच्या कडेवर पडला. करंगळीच्या बाजूला, जिथं काहीच नव्हतं तिथं.

"आई गं!" मी ओरडलो. हात आपोआप मागं आला.

दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. मग मी परत ओरडलो, मुद्दाम, मोठ्यानं, पोळलं गं, पोळलं! तिनं माझा हात पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि तसाच धरून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, अजून एक थेंब टाक, खात्री करू. तिनं पाठीत धपाटा घातला. तोही छान लागला.

करंगळीचं टोक अजून मुकं आहे. डॉक्टर म्हणतात तसं ते कदाचित तेवढं राहील. पण बोट बऱ्यापैकी सरळ होतं, ओंजळ जवळजवळ मिटते. मी तसाच उठून रणधीरच्या हॉटेलात गेलो आणि लाल डाग दाखवला. तो म्हणाला, "भाजलं म्हणून पेढे वाटणारा पहिला माणूस बघितला." सगळ्या हॉटेलाला पेढे वाटले. राजेश्वरीच्या हातचे.

हे सगळं लिहिताना हात एकाएकी थांबला. गुरुपौर्णिमेचं पान वर आलं. वीरभद्रानं फोड बघितला आणि काय म्हणाला होता? "आला व्हय?" आम्ही हसलो होतो. आणि अण्णांची चप्पल. दहा वर्षं नवी. देवा, मी किती मूर्ख आहे. राजेश्वरीनं मला नोव्हेंबरात सांगितलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

सास्तूरला गेलो. जाताना वाटेत दोनदा गाडी थांबवली. गुरूला कसं सांगायचं की तुमचं बोट भट्टीनं वळलेलं नाही?

अण्णा अंगणात ऊन खात बसले होते. "बारप्पा! हात दाखीव." दाखवला. त्यांनी सरळ झालेली बोटं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय केलंस ह्ये? चांगलं वळलं हुतं."

मी सगळं सांगितलं. पेन, कागद, गोळ्या, पाकाचा थेंब. मग डोळे मिटायला सांगितलं आणि त्यांच्या हातावर बोट टेकवलं, मग तळपायावर. ते वाट बघत बसले. लक्ष्मम्मा वहिनी माझ्याकडं बघून मान हलवायला लागल्या. त्यांना कळत होतं. फार वर्षांपासून कळत असावं.

अण्णा बराच वेळ आपला हात उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी म्या भाजत हुतो, आन मला खबर न्हवती."

मी म्हटलं, अण्णा, मला माफ करा. ते म्हणाले, "तुला काय माफ करायचं? म्याच तर टॉवेल टाकला तुज्या खांद्यावर." त्यांना असं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "लघवी लाल हुती म्हणलास? रगतासारखी?" आणि खुसूखुसू हसले. जाताना म्हणाले, येतो तुझ्या डॉक्टरकडं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तासभर तपासलं. अण्णांची नस फार वर्षांपूर्वीच गेली आहे, गोळीनं ती परत येणार नाही. आजार अंगात अजून थोडा आहे, तो जाईल. बोटं ऑपरेशननं सरळ करता येतात, पुढं हवं तर मोठ्या दवाखान्यात पाठवतील. तळपायाची जखम साफ करून पट्टी केली आणि मऊ तळाची चप्पल दिली. ही खरोखरच नवी आहे.

अण्णा म्हणाले, "बोटं ऱ्हाऊ द्या वाकडी, त्यांची मला सवं हाय. माजी पोरं बघा, डॉक्टर. समदी माज्या मांडीला मांडी लावून बसलीत."

डॉक्टर म्हणाले, मी तेच सांगणार होतो. अण्णांनी गौरीकडून तपासायची रीत दोनदा समजून घेतली. आणि शिष्यांना निरोप धाडले: महाशिवरात्रीला या. गुरुपौर्णिमेची वाट बघू नका.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

सगळे आले. वीरभद्रही आला, नवा झब्बा घालून. भट्टी थंड होती. सगळे बघत राहिले, आज कडी नाही की काय.

अण्णा पिंडीपुढचं एक बेलाचं पान घेऊन ओट्यावर बसले. म्हणाले, "आजपासनं कडी बंद. आजपासनं ह्ये. एकेकानं म्होरं यायचं, दोनी हात मांडीवर, डोळं मिटून. बेलाचा देठ टेकला की कुठं टेकला ते सांगायचं. ज्याला समदं कळंल त्याला टॉवेल." मी आणि सास्तूरच्या आशाताई शेजारी बसलो होतो.

पोरांना गंमत वाटली. एकेक जण येत होता, हसत होता, गुदगुल्या होतात म्हणत होता. मीही बसलो. करंगळीचं टोक सोडून सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "एक बारीक चूक. बाकी पास."

मग वीरभद्र बसला. उजवा हात छान झाला. अण्णांनी देठ त्याच्या डाव्या करंगळीवर टेकवला. मग शेजारच्या बोटावर. मग तळहाताच्या कडेवर. वीरभद्र डोळे मिटून, गालात हसत, वाट बघत होता. म्हणाला, "अण्णा, करा की सुरू."

ते वाक्य माझं होतं. वीरभद्रानं डोळे उघडले आणि आपल्या तळहातावर टेकलेला देठ पाहिला.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"अण्णा, मी तर हरलो की."

"तू घावलास," अण्णा म्हणाले. त्यांनी वीरभद्राचा हात आपल्या वाकड्या बोटांत धरला होता आणि ते त्याला सोडत नव्हते. "मला कुणी असा शोधला न्हाय. उद्या सकाळी ह्याच्यासंगं जायचं. आज न्हाय, उद्या न्हाय, असलं करायचं न्हाय."

मी त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, लेका, पहिल्या दिवशी लघवी लाल होईल, बोंबलू नको. आणि भूक लागेल तेव्हा माझ्याकडं ये, राजेश्वरीचा खवा माझ्यापेक्षा चांगला असतो. सगळ्यांसमोर बोलून गेलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वीरभद्र काल माझ्याबरोबरच बेंबळीला आला. सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात निघायचं होतं. मी चुलीपाशी गेलो तर राजेश्वरीनं चहा चार कपांचा टाकलेला. घरात माणसं तीनच.

म्हटलं, चौथा कुणाचा?

"गौरीचा. मीच बोलावलीय तिला, येईल आता."

मी तिथंच उभा राहिलो. ऑगस्टमधला तिसरा कप आठवला. मग कंबर आठवली. ती कंबर त्या दिवसाआधी कधी दुखली नव्हती आणि नंतरही कधी दुखली नाही. डायरीत हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि मला आज वाचता आलं.

राजेश्वरी म्हणाली, "असं काय बघताय? घ्या, निवंल." मी तिच्याकडून कप डाव्या हातानं घेतला. चांगलाच गरम होता.